नाव कमावले, मालकीचे काय?

लहान उद्योगाच्या मालमत्तेची यादी करावयास बसले, तर ती एका पानात आटोपते. एक गाळा, तोही बहुधा भाड्याचा. मसाला कुटण्याचे किंवा शिलाईचे एखादे यंत्र. थोडा तयार माल आणि उधारीची वही. या यादीत एक बाब मात्र सहसा लिहिली जात नाही. ती म्हणजे त्या उद्योगाचे नाव. वास्तविक यंत्र मोडले तर दुसरे आणता येते, गाळा सुटला तर समोरच्या गल्लीत दुसरा मिळतो. पण पंधरा-वीस वर्षे एकसारखा माल देऊन कमावलेले नाव हातचे गेले, तर ते बाजारात विकत मिळत नाही. आपल्याकडील लहान उद्योजक गाळ्याचा करारनामा कुलपात ठेवतो आणि सर्वांत मौल्यवान वस्तू उघड्यावर ठेवतो, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा आहे, असे समजून शिक्षक, कारकून वा विद्यार्थी वाचकांनी पान उलटू नये. आज मध्यमवर्गीय घरांतून घरगुती मसाले, दिवाळीचा फराळ, शिकवणीचे वर्ग, तयार कपडे असे लहानमोठे व्यवसाय चालतात आणि नोकरीच्या अनिश्चिततेमुळे पदवीधर तरुणही त्यांकडे वळत आहेत. मोबाइलवरून मागणी येते, पैसेही मोबाइलवरूनच जमा होतात आणि माल कुरिअरने नागपूरला किंवा बंगळुरूला जातो. ज्या ग्राहकाने आपले तोंड कधी पाहिले नाही, तो केवळ नावावर विसंबून पैसे पाठवितो. अशा वेळी ते नाव कायद्याच्या दृष्टीने कोणाचे, या प्रश्नाला टाळाटाळ करून चालत नाही.

चेहऱ्याची जागा नाव घेते

बाजारात नावाचे काम काय असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका गाजलेल्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले, की मालाची खरी प्रत विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. ग्राहक दोन्हींत फरक करू शकत नाही, म्हणून तो सरसकट कमी भाव देऊ करतो. त्या भावात चांगला माल देणाऱ्याला परवडत नाही आणि तो बाजूला होतो. या दुष्टचक्रावर जे उतारे समाजाने शोधून काढले, त्यांत अकरलॉफने व्यापारी नावाचाही उल्लेख केला आहे. हळद भेसळीची आहे की शुद्ध, हे पुडीवरून कळत नाही. पण पुडीवरील नावाने मागील वेळी फसविले नव्हते, एवढे ग्राहकाला आठवते.

खेड्यातील आठवडी बाजारात अशा नावाची गरज नसते, कारण तेथे चेहरा असतो. माल वाईट निघाला तर पुढच्या सोमवारी त्याच माणसापुढे जाऊन भांडता येते. माल गावाबाहेर गेला की चेहरा मागे राहतो आणि नाव पुढे जाते. गिरगावात १९५९ साली सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पुढे १९६२ साली स्पर्धा ठेवून आणि पाच रुपयांचे बक्षीस लावून त्यांनी आपल्या मालासाठी 'लिज्जत' हे नाव निवडले. लाटणाऱ्या हातांना ओळखणारी गिरगावची गिऱ्हाइके होती, तोवर नावाचे महत्त्व मर्यादित होते. तो पापड देशभर आणि परदेशांत गेला, तेव्हा त्या पाच रुपयांच्या शब्दाची किंमत करणे अवघड झाले.

यातूनच 'नोंदणी केव्हा करावी' या प्रश्नाचे उत्तर मिळते. जोपर्यंत गिऱ्हाईक आपल्याला ओळखते, तोपर्यंत घाई नाही. जेव्हा ते केवळ आपले नाव ओळखू लागते, तेव्हा उशीर करता कामा नये.

नोंदणीवाचून काय अडते?

येथे एक शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे. 'आम्ही वीस वर्षे हे नाव वापरतो आहोत, सारे गाव जाणते. मग कागदाची गरज काय?' आपला कायदा या माणसाला वाऱ्यावर सोडत नाही. १९९९चा व्यापारचिन्ह कायदा, जो १५ सप्टेंबर २००३पासून अमलात आला, त्याने नोंदणी न केलेल्या नावालाही काही संरक्षण ठेवले आहे. दुसऱ्याच्या नावलौकिकावर स्वार होऊन आपला माल त्याचा म्हणून खपविणे, ज्याला वकिलांच्या भाषेत 'पासिंग ऑफ' म्हणतात, त्याविरुद्ध दाद मागता येते. इतकेच नव्हे, तर आधीपासून सातत्याने नाव वापरणाऱ्याचा हक्क नंतरच्या नोंदणीमुळे बुडत नाही, असेही हा कायदा म्हणतो.

तिरुनेलवेली येथील 'इरुट्टुकडै हलवा' या प्रसिद्ध दुकानाचा खटला या बाबतीत बोलका आहे. 'इरुट्टुकडै' म्हणजे अंधारे दुकान. मंद दिव्याच्या उजेडात हलवा विकणाऱ्या या दुकानाला लोकांनीच हे नाव दिले आणि ते १९००पासून चालत आले. दुसऱ्या एकाने त्याच नावामागे गावाचे नाव जोडून आपलीही नोंदणी मिळविली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निकाल दिला, की आधीच्या वापराचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ आहे. अंधाऱ्या दुकानाला न्याय मिळाला, पण त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले.

अहमदाबादच्या 'मुक्तजीवन' या छायाचित्रणाच्या दुकानाची कथाही अशीच आहे. हे दुकान १९८२ पासून चालू होते. त्याच शहरात, त्याच नावाने, त्याच धंद्यात दुसरा उतरू पाहू लागला, तेव्हा मूळ दुकानदाराने मनाई हुकूम मागितला. दोन दुकानांत चार-पाच किलोमीटरचे अंतर आहे, अशासारख्या कारणांनी खालच्या न्यायालयाने तो नाकारला. उच्च न्यायालयातही यश आले नाही. अखेर डिसेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दिला. त्या काळी सेवा देणाऱ्या धंद्याचे नाव नोंदविण्याची सोयच आपल्या कायद्यात नव्हती. ती २००३ पासून झाली आहे.

या खटल्यांतून एक गोष्ट ध्यानात येते. नोंदणी नसेल तर हक्क नसतो असे नव्हे. हक्क असतो, पण तो सिद्ध करण्याचा सारा भार आपल्या शिरावर येतो. आपल्या नावाला लौकिक होता, प्रतिपक्षाने ग्राहकांची दिशाभूल केली आणि त्यामुळे आपले नुकसान झाले किंवा होण्याचा संभव आहे, या तिन्ही गोष्टी पुराव्याने दाखवाव्या लागतात. त्यासाठी जुनी बिले, जाहिराती, हिशेबाच्या वह्या हव्यात. लहान दुकानदाराकडे नेमके हेच नसते. नोंदणी असली म्हणजे हा भार बराचसा उलट्या बाजूला जातो. नोंदणीचे प्रमाणपत्र हाच चिन्हाच्या वैधतेचा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. शिवाय नोंदलेल्या चिन्हाच्या भंगाचा दावा मालक जेथे राहतो वा धंदा करतो, तेथील जिल्हा न्यायालयात लावण्याची मुभा कायद्याने दिली आहे. सांगलीच्या हळदवाल्याला इंदूरच्या तोतयाविरुद्ध सांगलीतच उभे राहता येणे, ही काही लहान सवलत नव्हे.

थोडक्यात, नोंदणीमुळे हक्क जन्मतो असे नाही. हक्क सांगणे स्वस्त होते. मोठ्या कंपनीला महाग न्यायही परवडतो, लहान माणसाला तो परवडत नाही. म्हणून नोंदणीची खरी गरज मोठ्यापेक्षा लहानालाच अधिक आहे.

पुण्यातील धडा

महाराष्ट्रातील वाचकांना याचे ताजे उदाहरण पुण्यातच सापडेल. 'बर्गर किंग' हे नाव लावून चालणाऱ्या पुण्यातील एका उपाहारगृहाविरुद्ध त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ साली दावा लावला. कंपनीचा भर आपल्या जुन्या नोंदणीवर होता. उपाहारगृहाचे म्हणणे असे, की आपण हे नाव १९९२च्या सुमारापासून वापरीत आहोत, तर कंपनीने भारतात पहिले दुकान उघडले ते २०१४ साली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निर्णय होईपर्यंत उपाहारगृहाला ते नाव वापरण्यास मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

कोणाची बाजू न्याय्य, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे वेगळेच काही दिसते. जिल्हा न्यायालयाचा निकाल लागेपर्यंतच तेरा वर्षे गेली. या तेरा वर्षांत नवी शाखा काढावी की नाही, पाटी रंगवावी की नाही, अशा प्रत्येक निर्णयावर अनिश्चिततेचे सावट पडलेले असणार. ज्या शेतीवर वाद आहे त्या शेतीत विहीर कोणी खोदीत नाही. नावाच्या मालकीविषयी शंका असली, म्हणजे त्या नावात भांडवल घालण्यास हात धजत नाही, आणि हा तोटा कोणत्याही हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

तीन प्रसंग

मग प्रत्येक टपरीवाल्याने उद्याच अर्ज करावा काय? तसे म्हणणे अव्यवहार्य होईल. कोपऱ्यावरच्या चहावाल्याची ओळख त्याच्या हाताच्या चवीत आणि कोपऱ्यातच असते. माझ्या मते तीन प्रसंगी मात्र विलंब करू नये.

पहिला प्रसंग नाव छापण्याचा. पाकिटे, पिशव्या, पाटी यांवर पैसे खर्च करण्यापूर्वी ते नाव त्याच प्रकारच्या मालासाठी कोणी आधीच नोंदविले आहे काय, हे पाहिले पाहिजे. व्यापारचिन्ह निबंधकांच्या संकेतस्थळावर हा शोध विनामूल्य घेता येतो. दहा हजार पाकिटे छापल्यावर वकिलाची नोटीस येण्यापेक्षा अर्ध्या तासाचा हा शोध बरा. एक शब्द जुळला नाही म्हणजे झाले, असे मात्र समजू नये. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली असे मानले, की दोन नावे समोरासमोर ठेवून ताडून पाहणारा पंडित हा कसोटीचा माणूस नव्हे; सामान्य बुद्धीचा आणि अपुऱ्या आठवणीचा ग्राहक गोंधळेल काय, हे पाहावयाचे असते.

दुसरा प्रसंग माल आपल्या गावाबाहेर, दुसऱ्याच्या हातून विकला जाऊ लागण्याचा. वितरक नेमला, ऑनलाइन बाजारपेठेत माल ठेवला, की नाव आपल्या देखरेखीखालून निसटते. पुष्कळदा नावावर पहिला डल्ला परका मारीत नाही. आपला माल विकून ज्याने त्या नावाची किंमत ओळखली, तो वितरकच मारतो.

तिसरा प्रसंग धंद्यात दुसरा माणूस येण्याचा, मग तो भागीदार असो की सख्खा भाऊ. हल्दीराम घराण्याचा इतिहास या बाबतीत प्रत्येक कुटुंबाने वाचावा. १९७२ साली नोंदणीसाठी दिलेल्या चिन्हाचा हक्क १९७४च्या वाटणीत विभागला गेला. पश्चिम बंगाल एका शाखेकडे आणि उरलेला देश दुसरीकडे. पुढे १९९१ साली दिल्लीत दुकान उघडण्यावरून वाद पेटला आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, तो दावा मुळात चालू शकतो की नाही एवढ्याच प्राथमिक मुद्द्यावर. नोंदणी असूनही हे घडले, हे विसरू नये. म्हणून नाव कोणाच्या मालकीचे, भागीदारी मोडली तर ते कोणाकडे जाईल, बचत गटातील एखादी सभासद बाहेर पडली तर तिला ते वापरता येईल काय, हे सलोखा असतानाच लिहून ठेवावे.

सगळीच नावे आपली होत नाहीत

नोंदणीचा विचार नाव ठेवण्याच्या दिवसापासूनच करावा, याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे नावे ठेवण्याच्या तीन आवडत्या रीती आहेत: देवाचे नाव, आडनाव आणि मालाचे वर्णन. कायद्याच्या दृष्टीने या तिन्ही कच्च्या आहेत. 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी आपल्याच मालकीचे करू पाहणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली नकार दिला. पवित्र ग्रंथाचे नाव कोणा एका व्यापाऱ्याची मिरासदारी होऊ शकत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. आडनावाचे म्हणाल, तर दुसऱ्या जोशींना वा कुलकर्ण्यांना प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरण्यापासून हा कायदा अडवीत नाही. 'शुद्ध', 'गावरान', 'ताजे' हे शब्द तर सर्वांचेच. दीर्घ वापराने त्यांना एकाच मालाचा अर्थ चिकटल्याचे सिद्ध झाल्यावाचून ते एकाला दिले जात नाहीत. जे नाव मालाविषयी सर्व काही सांगते, त्याला कायद्याचे पाठबळ सर्वांत कमी मिळते. ज्या शब्दाचा त्या मालाशी मुळात काही संबंध नाही, तोच पुढे मजबूत ठरतो.

प्रदेशाच्या कीर्तीचे नाव हा आणखी वेगळा प्रकार. 'कोल्हापुरी चप्पल' हे नाव कोणा एका कारखानदाराचे नसून ती कला जपणाऱ्या साऱ्या कारागिरांचे आहे आणि त्यासाठी भौगोलिक मानांकनाचा स्वतंत्र कायदा आहे. त्या सामुदायिक छत्राखाली राहूनही प्रत्येक कारागिराला स्वतःच्या मालासाठी स्वतंत्र व्यापारचिन्ह घेता येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

एक गैरसमज तर सार्वत्रिक आहे. गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, वस्तू व सेवा कराचा क्रमांक किंवा खाद्यपदार्थांचा परवाना मिळाला, की त्यावरील नाव आपले झाले, असे समजले जाते. हे चूक आहे. ही कागदपत्रे आपण केव्हापासून धंदा करतो याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतील. पण नावाची मालकी त्यांतून मिळत नाही.

खर्च आणि शासनाचे कर्तव्य

२०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाची फी मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. इतरांना ती ९,००० रुपये पडते. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. वकिलाचा वा अभिकर्त्याचा मोबदला वेगळा. पण अर्ज स्वतः करण्यास मज्जाव नाही. केवळ फीचा हिशेब केला, तर एका वर्गामागे पहिल्या दहा वर्षांचा खर्च महिन्याला चाळीस रुपयांहून कमी पडतो. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. आपला माल ज्या वर्गात मोडतो, तेवढाच घ्यावा. प्रमाणपत्र उशिरा मिळाले, तरी हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो, म्हणून अर्ज लवकर करण्यात लाभ आहे. नोंदणी होण्याआधी वर्तुळातील 'आर' हे चिन्ह मात्र लावू नये. नोंद नसताना ती असल्याचे भासविणे दंडास पात्र आहे. अर्जानंतर 'टीएम' ही अक्षरे लावण्यास हरकत नाही.

अर्ज केला म्हणजे निश्चिंत झोपावे, असेही नाही. कार्यालयाने आक्षेप घेतला तर तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. चिन्ह जाहीर झाल्यावर चार महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो आणि त्या विरोधाला दोन महिन्यांत उत्तर न दिल्यास अर्ज सोडून दिला असे धरले जाते. मार्च २०१६ मध्ये निबंधक कार्यालयाने फार मोठ्या संख्येने अर्ज असेच निकाली काढले. अनेक अर्जदारांना सूचनाच मिळाली नसल्याची तक्रार झाली आणि दिल्ली उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. ज्याच्या दिमतीला वकील आहे, तो अशा प्रसंगी तगतो. वाड्यातल्या एका खोलीत लोणची भरणारी स्त्री तगत नाही.

येथे शासनाच्या कर्तव्याचा प्रश्न येतो. देशात या कार्यालयाच्या शाखा मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि अहमदाबाद अशा पाचच शहरांत आहेत. अर्ज ऑनलाइन झाला, हे खरे. पण चंद्रपूरच्या वा सिंधुदुर्गच्या उद्योजकाला मराठीतून समजावून सांगणारा माणूस हवा असतो, तो संगणक पुरवीत नाही. प्रत्येक जिल्हा उद्योग केंद्रात हे काम जाणणारा एक अधिकारी नेमणे आणि सूचनापत्रे मराठीतूनही देणे, यांसाठी फार मोठ्या तरतुदीची गरज नाही. आपली वाणिज्य महाविद्यालयेही यात वाटा उचलू शकतात. व्यापारी कायद्याच्या तासाला कलमे पाठ करविण्याऐवजी विद्यार्थ्यांनी गावातील पन्नास दुकानांची नावे घेऊन त्यांचा शोध घ्यावा आणि निष्कर्ष दुकानदारांना सांगावेत. विद्यार्थ्याला कायदा कळेल आणि दुकानदाराला धोका कळेल.

नोंदणी ही जादूची कांडी नव्हे. पाच वर्षांहून अधिक काळ न वापरलेले चिन्ह काढून टाकता येते. आणि माल बिघडला, तर कितीही भक्कम प्रमाणपत्र गिऱ्हाईक परत आणू शकत नाही. नाव कमावण्याचे काम कष्टांनीच होते. कायदा करतो ते एवढेच, की त्या कष्टांचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडू देत नाही. ज्यांच्याजवळ कष्टांखेरीज दुसरे भांडवल नाही, त्यांनी तरी हे संरक्षण दाराशी असताना नाकारू नये.